बाहेरच्या गाडीतून तेल

छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, बीड रस्त्याला त्या कंपनीचं गोदाम आहे. दोन वर्षांनी मी पहाटे पाच वाजता त्या फाटकातून आत शिरलो, तेव्हा कंपनीच्या स्वतःच्या गाड्या समोर ओळीने उभ्या होत्या. पिवळ्याधमक, धुतलेल्या, एकीवरही ओरखडा नाही. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. आमची गाडी धक्क्याला लावायला सांगितली.

माझ्या रागाचं कारण आधी सांगून टाकतो. मराठवाड्यात या कंपनीची किराणा दुकानं आहेत. बीड जिल्ह्यातल्या दुकानांचा माल अकरा वर्षं माझ्या गाड्यांनी वाहिला. पाठीवर पोती वाहणारा मी, याच भाड्यावर सात गाड्यांचा मालक झालो. मग कंपनीने स्वतःच्या गाड्या घेतल्या आणि मला चार ओळींचं पत्र पाठवलं. त्यातली एक ओळ होती, की तुमच्या गाडीत तेलाचे डबे गळतात. माझ्या गाडीत डबे गळत नाहीत. तेव्हाही ओरडून सांगितलं होतं, आताही सांगतो. वर माझ्याकडे नऊ वर्षं असलेला ड्रायव्हर नामदेव त्यांनी पगारावर नेला, तो वेगळाच.

आता ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस आले, दुकानांची मागणी वाढली आणि पिवळ्या गाड्या अपुऱ्या पडल्या. मग वाहतूक बघणाऱ्या अश्विनी मॅडमना माझा नंबर आठवला. "अण्णा, एक फेरी करून दाखवा. माजलगाव, दिंद्रुड, शिरूर कासार. नीट झाली तर हंगामाचा करार बोलू. पण तेल मात्र आमच्याच गाडीतून जाईल." हे ऐकून मी फोन आपटणार होतो. आपटला नाही, कारण माझ्या दोन गाड्या महिनाभर जागेवर उभ्या होत्या. फेरी बिघडू नये म्हणून मी स्वतःच ड्रायव्हर बशीरभाईंच्या शेजारी बसून निघालो.

शहागडच्या पुलावर गोदावरीवर ऊन उतरलं होतं. गेवराईला चहा आणि गरम भजी खाल्ली. तिथून माजलगावकडे वळलं की रान बदलतं. धरणाच्या पाण्याने दोन्ही अंगांना ऊस माजलेला, तुरे हलतायत, रस्त्यावर कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर. बशीरभाई साठीचे, कमी बोलणारे. एवढंच म्हणाले, "मालक, हितलं पानी पिऊन मानूस बी हिरवा होत आसंल."

माजलगावला माल झपाट्याने उतरला. दिंद्रुडला मात्र मला डिवचलं गेलं. दुकान सांभाळणाऱ्या मंगलताईंनी बिल्टीवर (मालासोबतच्या पावतीवर) सही केली आणि गाडीकडे पाहून हसल्या.

"आजून तुमीच हाय व्हय धंद्यात?"

"का? मेलो असं वाटलं?"

"तसं न्हाई वो अण्णा. पिवळी गाडी मंगळवारी अकराला येती म्हंजी येती. तुमची कवा सकाळी, कवा दुसऱ्या दिशी. आमी वाट बघून थकायचो."

मी काहीतरी फाडकन बोलणार, तेवढ्यात त्यांनी धपाटे आणि दही पुढे केलं. तोंड भरलेलं असताना भांडता येत नाही. धपाट्यात तीळ होते आणि दही असं की बोटाला चिकटावं. दोन खाऊन तिसरा मागून घेतला.

तेलगावच्या पुढे डोंगरात सीताफळांचा बाजार रस्त्यावरच भरतो. एका आजीबाईंची पाटी मी निम्म्या भावाने मागितली. त्या म्हणाल्या, "निम्मी पाटी घ्या की मग." मी जायचं नाटक करून गाडीत चढलो. त्यांनी हाकच मारली नाही. शेवटी मीच खाली उतरलो आणि त्यांच्या भावाने पाटी घेतली. बशीरभाई वडवणीपर्यंत हसत होते.

वडवणी ओलांडली आणि एका बाभळीखाली पिवळी गाडी उभी दिसली. बॉनेट उघडं. बाजूला दगडावर नामदेव.

खरं सांगतो, मला आनंद झाला. मोबाइल काढून फोटो घ्यायला मी खाली उतरलो.

"घ्या मालक, चांगला घ्या," नामदेव उठून म्हणाला. "क्लच गेलाय. कंपनीचाच मिस्त्री लागतो, बाहेरच्यानं हात लावायचा न्हाई. तो संभाजीनगरहून निघालाय."

"मजा आहे तुझी. पगार चालू, बूड दगडावर."

"मजा कशाची! माजलगाव-दिंद्रुडचं उतरवलं, आत शिरूरचं तेल हाय. चार वाजता टोळी निघनार. मुकादम दुकानात येऊन बसलाय म्हनं."

शिरूर कासारचा रिवाज मला माहीत होता. टोळी कारखान्याला निघण्याआधी मुकादम सगळ्या कोयत्यांचा (ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) किराणा एकाच दुकानातून भरतो. पीठ, मीठ, तिखट, साबण, तेल. त्यात एक वस्तू कमी पडली तर तो सगळी यादी उचलून शेजारच्या दुकानात जातो, आणि पुढच्या वर्षी परत फिरकत नाही. पीठ-मीठ माझ्या गाडीत होतं. तेल याच्या गाडीत. नुसतं पीठ-मीठ नेऊन माझी फेरी नीट झाली असं कोणीच म्हणणार नव्हतं.

मी मॅडमना फोन लावला. गाडीला गाडी लावतो आणि डबे माझ्यात घेतो, म्हणालो.

"अण्णा, बाहेरच्या गाडीत तेल द्यायचं नाही, नियम आहे. सील तोडता येणार नाही."

"नियम फोडणीला घाला म्हणावं मुकादमाला! गाडीत तेल आहे, रस्त्यावर गाडी आहे, आणि तुम्ही मला नियम सांगताय?" मी इतका ओरडलो की बाभळीवरचे होले उडाले. करार गेला, असं मला वाटलं.

नामदेवने माझ्या हातातून फोन घेतला. "मॅडम, मी नामदेव. ही गाडी मी नऊ वर्सं चालवलीय. डबं कसं रचायचं, मदी भुसा कसा भरायचा, ते ह्या मानसानंच मला शिकवलं. तेच मी तुमच्या गाडीत करतो. एक डबा गळला तर माझ्या पगारातून कापा."

थोड्या वेळाने फोनवरून होकार आला.

डबे हलवताना आम्ही तिघं घामाने भिजलो. शेवटची रांग लावून झाल्यावर मी विचारलंच, "मग सोडून का गेलास रे? मी कमी देत होतो?"

त्याने डोक्याचा पंचा सोडून तोंड पुसलं. "पैशाचं न्हाई, मालक. तुमी स्वस्तात भाडं घ्यायचे, कावून की परतीला दुसरं भाडं मिळायचं. पन ते मिळस्तोवर गाडीखाली कोन बसायचं? मीच. माजलगावात दोन दिस, लातुरात तीन दिस. थोरलीला बघायला पावने आलते, तवा मी गूळ भरायच्या लाइनीत उभा. हितं गाडी रिकामी येती, पन मी घरी येतो."

मी सीताफळांची पाटी त्याच्या दगडाजवळ ठेवली आणि निघालो.

बीडच्या पुढे रान कोरडं होत जातं. बाजरीची काढलेली शेतं, काळे दगड, दारांना कुलपं लावून निघालेली घरं. शिरूरला पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. ट्रॅक्टरवर गाद्या, हंडे, कोंबड्यांच्या डालग्या चढल्या होत्या. मुकादम मिशीवरून हात फिरवत दुकानाच्या पायरीवर.

"तेल हाय का?"

"आहे."

"बघू." त्याने एकेक डबा उलटा धरून बुडाला बोट लावलं. सगळे डबे झाल्यावर कोरडं बोट मला दाखवलं आणि म्हणाला, "आता चढवा बिगीनं. लई उशीर केलात, पन चांगलं केलंत." एका बाईने ट्रॅक्टरच्या चाकाजवळ नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा आम्हालाही मिळाला.

परतीच्या रस्त्यावर बशीरभाईंनी सवयीने विचारलं, "बीड मोंढ्यात (धान्यबाजारात) भाडं बघू का, मालक?" मी म्हणालो, "सरळ घरी." त्यांनी दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हंगामाचा करार पुढे केला. तेलासकट. मी रिकाम्या परतीचंही भाडं मागितलं.

"अण्णा, अकरा वर्षांत तुम्ही ते कधी मागितलं नाही."

"तेव्हा ते माझे ड्रायव्हर भरत होते," मी म्हणालो.

दोन तास भांडलो. टेबलावर हात आपटले, एकदा दारापर्यंत जाऊन आलो. निम्म्या परतीवर सौदा ठरला. उरलेलं निम्मं माझ्या खिशातून जाईल, आणि मला ते टोचतं, नाही असं नाही. आयुष्यभर मी समजत होतो की स्वस्त भाडं ही माझी हुशारी. वडवणीच्या रस्त्यावर कळलं, की त्यातली बरीचशी दुसऱ्याच्या जिवावरची होती.

खाली येऊन बशीरभाईंना सांगितलं: आजपासून माल उतरला की गाडी घराकडे, परतीच्या भाड्याची वाट बघत थांबायचं नाही.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मालक," ते हळूच म्हणाले, "काल उन्हात लई येळ हुबे होते. डाक्टरकडं जाऊन येऊ का?"