खापरच्या बाजारात नागली उलटी फिरली

१२ जानेवारी १९३८, सकाळचे साडेनऊ. नंदुरबारच्या दवाखान्याच्या ओसरीवर एका आरोग्य मंडळाच्या तरुण प्रचारकाने माझ्या भाचीच्या, कुसुमच्या, हातात छापील पत्रक ठेवले: ‘गर्भवती व बाळंतिणीचा आहार’. डबाबंद दूध, बिस्किटे, सफरचंद, पांढरा तांदूळ. खाली ठळक अक्षरांत, काळी व जाडीभरडी धान्ये वर्ज्य.

“सफरचंदे नंदुरबारात कोणत्या झाडाला लागतात?” मी विचारले.

“आजी, तुमचा काळ गेला,” तो म्हणाला.

मी कॉन्व्हेंटात शिकले आणि तीस वर्षे मुलींना आरोग्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माझा काळ गेला असेल, पण पोट जुन्याच ठिकाणी आहे.

कुसुमला सहावा महिना. मुळात फिकट पोर, तिने पत्रक प्रमाण मानून भाकरी, मेथी, तीळ सगळे सोडले. आठवड्याभरात चुलीपाशी उभे राहायलाही तिला धाप लागू लागली. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि रक्त कमी असल्याचे सांगून लोहाचे औषध दिले. “आणि जेवण सुधारा,” म्हणाले. पत्रक पुढे केले, तर त्यांनी ते वाचलेलेच नव्हते!

गावात मिळणारी नागली, म्हणजे पुण्याकडची नाचणी, जुनी आणि किडकी होती. नवे पीक हवे तर अक्कलकुव्यापलीकडच्या खापर गावचा बाजार गाठायला हवा. मी पिशव्या घेऊन निघाले.

कोणाला जायचे असेल तर पहाटेची मोटार धरावी आणि पुढच्या बाकावर बसावे. मागे बसणाऱ्याला धूळ फुकट खायला मिळते. तापी नावेने ओलांडावी लागते, तेव्हा सामान बेताचे ठेवा. तळोद्याला एका खानावळीत ज्वारी आणि उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि ठेचा दोन आण्यांत मिळाला. धान्य, डाळ, पालेभाजी, सगळे एका ताटात! हे ताट पत्रक छापणाऱ्याने कधी पाहिले असेल असे वाटत नाही.

अक्कलकुव्यापासून बैलगाडी केली. गाडीवान म्हणाला, “बाई, नागलीकरता इतली दूर? नंदुरबारमा दुकानं बंद पडनात का?”

“दुकाने उघडी आहेत. डोकी बंद आहेत.”

“मंग डोकासनं कुलूप खापरमा उघडस का?” आणि तो बैलांना हसत हसत हाकू लागला.

बाजार भरात होता. एका मारवाडी सेठच्या दुकानापुढे सोनीबाई नावाची डोंगराकडची म्हातारी टोपलीभर नवी, लालसर नागली घेऊन उभी होती. टोपली तराजूत रिकामी करून ती बदल्यात गिरणीचा पांढरा तांदूळ घेत होती.

“इतकी चांगली नागली का देतेस?” मी विचारले.

“सून बाळंत व्हयनी, माय. तिले नागली चालस नई. कागदमा लिखेल शे.”

दुकानाच्या खांबावर तेच पत्रक! वाचून कोणी दाखवले, तर सेठने.

“मी नुसते वाचले, बाईजी,” सेठ म्हणाला. “छापलेले खोटे कसे असेल?”

इतक्यात आतून त्याच्या आईचा आवाज आला, “अरे, सुनेची राब गार होते आहे! कोणी नेणार का?”

“राब कसली, माजी?” मी मुद्दाम मोठ्याने विचारले.

“नागलीची! घरात बाळंतीण आहे ना. पेजेसारखी पातळ शिजवून, गूळ-तूप घालून रोज देते.”

सेठला एकाएकी तराजू पुसायची घाई झाली. सोनीबाईने कमरेवर हात ठेवले. “म्हणजे मन्ही नागली तुन्ही सून खास, नि मन्ही सून धवया तांदूळ खास?”

आजूबाजूच्या बाया खो खो हसल्या. माजी बाहेर आल्या. त्यांनी लेकाकडे एकदाच पाहिले आणि नागली स्वतःच्या हातांनी परत टोपलीत ओतली. सेठने न सांगता पत्रक काढले.

कुसुमची हकिकत ऐकून सोनीबाईने अर्धी नागली मला विकली. भाव मात्र दमडीने कमी केला नाही. वर बजावले, “पहिले मोड आन, मंग दय. तुन्ही पोरले पचस.”

घरी आता मोड आणून, वाळवून दळलेल्या नागलीची राब, कळण्याची भाकरी, पालेभाजीवर लिंबू आणि तिळाची चटणी असा बेत असतो. बाजारात जाताना एवढेच पाहा: या मोसमात जवळच्या शेतातून काय आले आहे? त्यातून धान्य, डाळ आणि हिरवा पाला रोज ताटात येऊ द्या. डॉक्टरांचे औषध आम्ही एक दिवसही चुकवले नाही. गुण औषधाचा किती आणि भाकरीचा किती, हे डॉक्टर सांगत नाहीत, मीही सांगणार नाही. काल मात्र कुसुम बाजारात पायी जाऊन आली, तीही शिळ्या मेथीवरून भाजीवालीशी भांडून. भांडायला दम लागतो, म्हणून मला फार बरे वाटले.

परंतु ते पत्रक इतर बाजारांत अजून लटकते आहे, आणि ज्यांच्या घरी राब सांगणारी माजी नाही, त्यांच्या सुना ते पाळत असतील. म्हणून मंडळाच्या व्यवस्थापकांना विचारते: हे पत्रक आपण मागे घेणार की नाही? आणि इथे पिकणाऱ्या अन्नाचे नवे पत्रक इथल्या बायांना विचारून कधी छापणार? दोन्ही प्रश्नांचे लेखी, सहीनिशी उत्तर ३१ मार्च १९३८ च्या संध्याकाळी पाचपूर्वी माझ्या हाती पडले पाहिजे.