पितळी खिळ्यांची खोली

मावशी रोज सकाळी वेधशाळेच्या फाटकात शिरण्याआधी केसांतल्या पिना काढायची. मोजून नऊ. मग किल्ल्या, घड्याळ, खांद्यावरची सेफ्टी पिन. सगळं पहारेकऱ्याच्या टेबलावरच्या लाकडी वाटीत ठेवायचं आणि सुटी झालेली वेणी पाठीवर टाकून पायवाटेनं टोकाच्या खोलीकडे निघायचं. त्या खोलीत लोखंडाला मज्जाव होता. भिंती लाकडाच्या, खिळेसुद्धा पितळेचे.

आत दगडी खांबावर एक चुंबकाची सुई बारीक धाग्यानं टांगलेली होती. सुईला चिकटवलेल्या इवल्याशा आरशावरून उजेडाचा ठिपका समोरच्या पट्टीवर पडायचा. पृथ्वीचं चुंबकत्व जरा बदललं की ठिपका सरकायचा. तो कुठल्या रेघेवर आहे ते वाकून वाचायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच मावशीचं काम. एकतीस वर्षं तिनं ते केलं. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायची. "हिचा संसार सुईच्या टोकावर," असं आई म्हणायची. आई तिची थोरली बहीण, त्यामुळे तिला बोलायची मुभा होती.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मावशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "आत सळई घालावी लागेल. उद्याच घालू."

"लोखंडाची?"

"उत्तम स्टील आहे. चुंबकही चिकटत नाही त्याला."

"अजिबात नाही, की जवळजवळ नाही?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "जवळजवळ नाही."

"मग नको."

दुसरी सळई होती टायटॅनियमची, पण ती बाहेरगावाहून यायला तीन दिवस लागणार होते. तोवर पायाला वजन टांगून पडून राहायचं. दुखणार होतंच, शिवाय रक्ताची गाठ होण्याची भीती होती. आई कडाडली, "अगं, त्या मेल्या सुईसाठी पाय टांगून घेतेस? ऑफिसात दुसरं टेबल देतील ना!"

"देतील. फायलींचं," मावशी म्हणाली. "मी त्या खोलीत जाईन ताई, नाहीतर घरी बसेन."

ते तीन दिवस वॉर्डातल्या बायकांनी तिला गप्प बसू दिलं नाही. शेजारच्या खाटेवर एक बेकरीवाली होती, हात भाजलेली. तिनं विचारलं, "पृथ्वी एवढी गरगर फिरते म्हणतात, मग आपण पडत कसं नाही?"

"मी पडले की!"

सगळ्या हसल्या. हसताना पाय हलला तशी मावशी कळवळली, मग सावकाश म्हणाली, "बस एका वेगानं चालली असेल तर हातातला चहा सांडतो का? ब्रेक लागला की सांडतो. पृथ्वी ब्रेक लावत नाही, म्हणून कळत नाही. आणि खाली ओढून धरलंय तिनंच, मग उडून जाणार कुठं?"

"आणि तिच्या पोटात मोठा चुंबक असतो ना?"

"छे. चुंबक खूप तापवला तर त्याचा गुण जातो, आणि तिथं तर भट्टी आहे. तुमच्या भट्टीपेक्षा कितीतरी पट. वितळलेलं लोखंड ढवळून निघत असतं, त्यात वीज वाहते. त्या विजेतून येतं सगळं. ढवळणं बदललं की माझा ठिपका सरकतो."

"म्हणजे आत काय शिजतंय ते तुम्ही वरून बघता," बेकरीवाली म्हणाली. मावशीला हे फार आवडलं. पुढे कितीतरी जणांना तिनं ते बेकरीवालीच्या नावावर सांगितलं.

सळई आली, बसली. चार महिन्यांनी मावशी लाकडी काठी टेकत फाटकापाशी उतरली. आई आणि मी बरोबर होतो. तिच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं, "ठिपका हलला तर फायली." ते पट्टीसमोर उभे राहिले. मावशी आत गेली आणि सवयीनं वाकली.

ठिपका दोन रेघा सरकला.

"सळई," साहेब हळूच म्हणाले.

मावशी मागे झाली. ठिपका परतला. ती क्षणभर काठीवर रेलून उभी राहिली. मग मान शक्य तेवढी मागे टाकून तिनं नुसती मांडी खांबाला टेकवली. ठिपका जागचा हलला नाही. पाय मागे घेऊन डोकं पुढे केलं. दोन रेघा.

"साहेब, दोष पायात नाही. डोक्यात आहे," ती म्हणाली आणि तिनं केसांत हात घातला.

त्या दिवशी वेणी आईनं घातली होती. इतक्या महिन्यांनी बहीण कामाला निघाली, केस विस्कटू नयेत म्हणून तिनं वेणीच्या आत एक दहावी पिन खोचली होती. मावशीनं फाटकाशी नेहमीच्या नऊ मोजून काढल्या होत्या. पिन बाहेर ठेवून ती पुन्हा वाकली. ठिपका स्थिर. तिनं आकडा वाचला आणि वही मागून घेतली. ती पिन बघून आई फाटकाशी रडत होती. "माझ्या हातानं घालवत होते गं," म्हणत होती.

उरलेली दोन वर्षं मावशीनं पूर्ण केली. वेणी मात्र त्या दिवसापासून आईच घालायची, निवृत्तीनंतरही, आणि किती पिना लावल्या ते मोठ्यानं सांगायची. सहा वर्षांनी एका दुपारी मावशी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. आई मागे उभी होती, कंगवा हातात. मिनिटभर आधीच ती "आठ, नऊ," म्हणाली होती.

"उजवीकडची टोचते गं ताई," मावशी म्हणाली होती. "जरा सैल लाव."