तुळशीच्या लग्नानंतरचं सांबर

श्यामलाकाकू आजही ही गोष्ट सांगताना पदर तोंडाशी धरून हसतात. लग्न होऊन कासूला आल्या, त्याच आठवड्यात परसदारी एक माणूस उभा. झुबकेदार मिशा, खांद्यावर ठासणीची बंदूक, लेंग्यावर रक्ताचे डाग. काकूंची खात्रीच पटली की हा हरणं कच्ची खाणारा असणार. त्यांनी आत पळून कडी लावून घेतली. तर बाहेरून केविलवाणा आवाज आला, "वयनी, वालाचं बिरडं उरलं असेल तर वाढा. बाकीचे मटणावर बसलेत नि मी सकाळपासून उपाशी हाय."

तो बेंजामिन कासुकर. गावातल्या शनवार तेल्यांपैकी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, एक. बापाचा तेलाचा घाणा होता, शनिवारी तो बंद म्हणजे बंद. घाणा गेला तसा बेंजामिन रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला लागला, पण जीव सगळा मागच्या डोंगरात. माग काढावा तर त्यानेच. आणि गंमत अशी की शिकारीचा घास त्याच्या तोंडात कधी गेला नाय. गोळी लागून मेलेलं जनावर त्यांच्या धर्मात चालत नाय. सुरीनं, प्रार्थना म्हणून कापलेलं लागतं. चिंबोरी नाय, कोलंबी नाय. खाडीकाठच्या गावात राहून कोलंबी न खाणारा माणूस म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

बंदूक खरी शरदची, म्हणजे श्यामलाकाकूंच्या नवऱ्याची. जमीनदाराचा धाकटा मुलगा, नेम बरा, घाई फार. सांबराच्या शिकारीचं सगळं गणित वेळेवर असतं. पावसाळा सरला की नर माजावर येतो. एरवी पान हललं तरी पळणारं जनावर तेव्हा चिखलात लोळतं, झाडांना शिंगं घासतं आणि मादीला हाका मारत उघड्यावर येतं. त्याला ना माणसाचा वास येतो, ना बंदूक दिसते. हा काळ दरवर्षी मागेपुढे होतो. नेमका कधी, ते बेंजामिनला विचारायचं. शरद सगळ्यांना सांगायचा, "ह्याचंच ऐका. ज्याला खायचं नाय, तो खोटं कशाला सांगेल?"

आणि बेंजामिनचा अंदाज आधी कधी चुकला नव्हता. मग त्याचं लग्न झालं आणि चुकायला लागला.

त्यानंतर दरवर्षी तो म्हणायचा, "कोजागिरीला चला." मंडळी कोजागिरीला डोंगर चढायची, डास मारायची, आटवलेलं दूध पिऊन उतरायची. सांबराचं शेपूटही नाय. पुढे शिकारबंदीचा कायदा आला. काही वर्षं चोरून चाललं, मग तेही थांबलं. बंदूक सरकारजमा झाली. शरदच्या जिभेवर मात्र बेंजामिनचा अंदाज कायमचा राहिला. पंचायतीच्या पारावर, कुणाच्या बारशाला, मयताच्या बैठकीतसुद्धा. "ह्याला विचारू नका हो पाऊस कधी पडेल. हा कोजागिरी सांगेल."

बेंजामिन मिशीत हसायचा.

पण हसायला सोबत लागते. मिरियम, त्याची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. एझ्रा, त्यांचा मुलगा, इस्रायलमध्ये अश्दोदला. तिकडे ये म्हणून दर शुक्रवारी फोन करतो. बेंजामिन विचारतो, "तिथे भांडू कुणाशी, नि कुठल्या भाषेत?" आळीतली त्यांच्या समाजाची बाकीची घरं कधीच बंद झाली. शुक्रवारी संध्याकाळी तो एकटाच दिवा लावतो आणि प्रार्थना मोठ्याने म्हणतो, घरात दुसरा आवाज नाय म्हणून. रेडिओ आहे. रेडिओला टोमणे मारता येत नाहीत.

उरला होता शरद. आणि ह्या वर्षी तनयाने, शरदच्या लेकीने, ठाण्याला मोठा फ्लॅट घेतला. तुळशीचं लग्न लागलं की आईबाबांना न्यायला गाडी येणार होती. कायमचं.

श्यामलाकाकूंनी ही बातमी सांगितली तेव्हा बेंजामिन म्हणाला, "बरं झालं, गावात शांतता होईल." घरी गेला आणि त्या रात्री जेवला नाय. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. शरद जाणार, आणि बेंजामिन येडा होता हे सोबत घेऊन जाणार. मग ते खोडून काढायला गावात कोण उरणार?

दुसऱ्या दिवसापासून काठी टेकत बेंजामिन डोंगरात. गुडघे कुरकुरत होते, पण ओढ्याच्या वरच्या अंगाला त्याला हवं ते सापडलं. चिखलात ताजी लोळण होती आणि ऐनाच्या झाडाची साल माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर खरवडलेली. म्हणजे एक तरी नर उरलाय. हाक मात्र गेल्या दोन वर्षांत त्याने ऐकली नव्हती.

तुळशीचं लग्न लागलं. दोन दिवसांनी पहाटे बेंजामिन शरदच्या दारात.

"ऊठ. आणि कानातलं मशीन घाल."

"शिट्टी मारतं ते."

"मारू दे. तूपण टोमणे मारतोस, आम्ही ऐकतोच ना."

शरद कुरकुरत निघाला. उजाडता उजाडता दोघं ओढ्याच्या वर एका खडकावर टेकले. खाली भातं कापून झालेली, पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या. रोह्याकडची गाडी निघून गेली आणि मग काहीच ऐकू येईना. धुकं हळूहळू वर चढत होतं. बराच वेळ गेला. शरद जांभई देऊन म्हणाला, "सामान बांधायचंय अजून. तुझी कोजागिरी झाली असेल तर चल."

बेंजामिनने काठी आडवी धरून त्याला बसवून ठेवलं.

आणि तेव्हा आली. खोल, दणदणीत, जुन्या एसटीच्या भोंग्यासारखी, एकदाच.

"मशीन वाजलं," शरद म्हणाला.

"काढ."

शरदने मशीन काढून तळहातावर ठेवलं. पुन्हा आली हाक, आता जवळून. शरदचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोघं म्हातारे कान टवकारून बसले. समोरच्या उतारावरून दुसऱ्या नराचं उत्तर यायला हवं होतं. पूर्वी यायचं, एकाला चार. आज आलं नाय. तो पुन्हा ओरडला, थांबला, जरा वर सरकून पुन्हा ओरडला. डोंगर तसाच गप्प. बेंजामिनने मान दुसरीकडे वळवली.

"इतक्या उशिरा?" शरद मशीन परत कानात घालत हळूच म्हणाला.

"उशिरा नाय. हीच वेळ. तुळशीचं लग्न झालं की."

"मग कोजागिरी?"

"मिरियम."

शरदला काही कळेना. मग बेंजामिनने सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात मिरियमने त्याला दारात अडवलं होतं. कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "ऐकलंत का, ते जनावर बायको शोधायला निघतं आणि तुम्ही नेमकं तेव्हाच गाठता? तुमच्या वरातीत कुणी बंदूक रोखून उभं राहिलं असतं तर बरं वाटलं असतं?"

"म्हणून तू आम्हाला इतकी वर्षं..."

"दूध तर प्यायलात ना."

"आणि मी सगळ्यांना तुझी खात्री द्यायचो. ज्याला खायचं नाय तो खोटं कशाला..."

"ते तू म्हणायचास. मी कुठे म्हणालो?"

शरदला पोटातून हसू आलं, त्याचा खोकला झाला, बेंजामिनने पाठ थोपटली. उतरताना दोघं एकमेकांना धरूनच उतरले. पण शरद कसला हार मानतोय. ओढा ओलांडला आणि त्याला आठवलं.

"एक मिनिट. एका कोजागिरीला मी सांबर मारलंच होतं."

"भेकर होतं ते."

"सांबर."

"भेकर. कुत्र्यासारखं भुंकत होतं."

"लहान सांबर होतं. तुझं लक्ष दुधात."

हा वाद त्यांनी घरापर्यंत नेला. दारात तनयाची गाडी येऊन उभी, पडवीत खोकी, श्यामलाकाकू दोरी बांधतायत. "कुठे होतात हो दोघं?" त्यांनी विचारलं. बेंजामिन सरळ पडवीच्या कोपऱ्यात गेला आणि खुंटीवरची त्या कोजागिरीच्या शिकारीची शिंगं काढून शरदच्या हातात दिली. वीतभर लांब, टोकाशी जराशी वळलेली. सांबराची हातभर लांब, फाटे फुटलेली असतात.

"सांबराची म्हणून ठाण्याला मिरवणार होतास ना?"

शरदने ती उलटून पाहिली, उजेडात धरली. काकूंकडे पाहिलं. काकू दोरीच्या गाठीत गुंतल्या, तोंड लपवून. शरदने मशीन काढून खिशात टाकलं.

"ऐकू येत नाय मला," तो म्हणाला.

"ऐकू नको. बोल."

"भेकर," शरद म्हणाला.

"मोठ्याने."

"भेकर होतं रे बाबा, भेकर."