न तपासलेली दप्तरं

मैत्रिणींनो, आज निलंग्याच्या बसस्टँडवर माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. सोबत तिची सातवीतली लेक. बोलता बोलता त्या पोरीनं दप्तरातून डबी काढली आणि बोटानं दातांना मिश्री लावली.

मी रागावले. "अगं, ही भाजलेली तंबाखूच आहे."

आई हसली. "तंबाखू कुठं बाई, दात दुखायलता म्हणून मीच दिली. आता घासली न्हाई तर तिचं डोकं दुखतंय. मी बी तुमच्या वर्गात घासूनच यायची की. तुम्ही गुटख्यासाठी निस्ते पोरांचे खिसे तपासायच्या."

तीस वर्षं मी कडक बाई म्हणून मिरवले. मुलींचं दप्तर एकदाही उघडलं नाही.

तुमच्या घरातली मिश्रीची डबी कुणाकुणाच्या हाताला लागते, आज बघाल का?