कोळशाचा डाग

शेवटच्या बेसबॉल सामन्याला अख्खं गाव लोटलं होतं, पण एमिल हुडाकच्या बाकावर कुणी बसेना. जन्मभर त्यानं या मैदानाची माती चाळली, रेघा आखल्या. आणि मार्चमधल्या क्लबच्या सभेत त्यानंच उठून सांगितलं की लाकडी गॅलरीचे खांब आतून कुजलेत, त्यावर पोरंबाळं बसवायची आपली छाती होत नाही.

वर्ना साबोल गॅलरीवरच्या खोलीत ऑर्गनपाशी बसून त्याच्याकडे बघत होती. रविवारी सकाळी चर्चमध्ये वाजवायचं, दुपारी इथे, सामन्याच्या मधेमधे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात नवऱ्यानं, अँडीनं, तिला इथे आणून बसवलं. तुला आवडेल का, हे कुणी विचारलं नाही. अँडी आधी खेळायचा, मग शिकवायचा, मग नुसताच येऊन बसायचा. घरी कोबी-नूडल्सचं ताट गार व्हायचं. शवपेटीतही त्याच्या डोक्यावर क्लबचीच टोपी होती.

क्लबचं मतदान जुन्या खाणकामगारांच्या रीतीनं व्हायचं. आडोशाला दोन वाडगे, एकात घेवड्याचे पांढरे दाणे, दुसऱ्यात कोळशाचे खडे. मूठ मिटून यायचं आणि क्लबच्या टोपीत सोडायचं. दाणा म्हणजे मैदान राहू दे, खडा म्हणजे बंद करा. वर्ना दाणा घ्यायलाच गेली होती. पण फटीतून समोर टेबलावरची ती टोपी दिसली आणि हात कोळशाकडे वळला. खांबांचा विचार मनात आलाही नाही. खडा तिनं रुमालात धरून उचलला. एमिल मात्र काळी बोटं तशीच घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांदेखत पँटला पुसली.

खडे जास्त निघाले. बाकीचे कुणाकुणाचे, ते कुणी विचारलं नाही. दोष द्यायला गावाला एक माणूस सापडला होता.

मनात पाप ठेवून प्रसाद घेऊ नये, म्हणून तेव्हापासून वर्ना चर्चमध्ये तो घ्यायला उठली नव्हती. ऑर्गनवर असते म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. रुमाल धुवायचा तिला धीर झाला नव्हता.

शेजारीण डोलोरेस गरम पिरोगींची, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांची, थाळी घेऊन वर आली. एमिल मघाशी मागायला आला होता, आपण भरल्या परातीसमोर उभं राहून संपल्या म्हणून सांगितलं, हे तिनं मोठ्या चवीनं ऐकवलं. "बघ कसा बसलाय. स्वतःच्याच मयताला आल्यासारखा."

वर्ना सवयीनं हसली. हसल्यावर तिला स्वतःचीच किळस आली.

सातव्या डावाच्या मध्यावर नेहमीप्रमाणे सगळे उभे राहून गायले. एमिलही उभा राहिला, टोपी छातीशी धरून, एकटाच. वर्नानं गाणं संपवलं, पिशवीतून रुमाल काढला आणि डोलोरेससमोर उलगडला.

"हे काय गं?"

"कोळसा. मीही खडाच टाकला होता."

"एमिलचं ऐकून?"

"नाही. अँडीवरच्या रागानं."

डोलोरेसनं थाळी उचलली, मग परत ठेवली, आणि जिना उतरली.

वर्ना तीच थाळी घेऊन एमिलकडे गेली.

"इथे बसू नकोस, वर्ना. ही फळी पोकळ आहे."

"मग तू का बसलायस?"

"कुणीतरी बसलंच असतं. म्हटलं आपणच बसावं."

तिनं खड्याचं सांगितलं. एमिलचा चेहरा उजळला. बरं केलंस, म्हणाला, निदान एकीला तरी पोरांची काळजी होती. इथेच गप्प राहिलं असतं तर भागलं असतं.

"पोरांसाठी नाही, एमिल. मला हे मैदान मेलेलं बघायचं होतं."

एमिलनं पिरोगी मोडली. अर्धी तोंडात टाकली, अर्धी हातातच राहिली. त्यानं आपण आखलेल्या रेघांकडे बघितलं. मग थोडा सरकला आणि हातानं दाखवलं, "या बाजूला बस. इथे जरा बरी आहे."

शेवटचा गडी बाद झाला. निरोपाच्या सुरांसाठी लोकांनी वर बघितलं. ऑर्गनवर कुणीच नव्हतं. मग एकेक मान वळू लागली. वर्ना मांडीवर रुमाल उघडा टाकून बसून राहिली.