आत्याचं लोहचुंबक

मी जिच्यामुळे शिकलो ती माझी आत्या, विमलबाई. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. गावातली शाळा संपल्यावर आत्याने मला शहरात, बरकतपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं आणि आपल्या नर्सच्या पगारातून मला बीएस्सी केलं. हीच आत्या एका मंगळवारी आबिड्सच्या आमच्या सेंटरमध्ये आली, माझ्या टेबलावर नाणी मांडली आणि म्हणाली, "सर्टिफिकेट दे."

आमचं काम सोन्याचांदीची शुद्धता तपासण्याचं. नाण्यांवर भगवान बुद्धांची प्रतिमा होती. रविवारी तिच्या मुलीचं, सुजाताचं लग्न. व्याह्यांकडच्या मंडळींना मानाची म्हणून ही नाणी द्यायची होती. मागवली होती ऑनलाइन, बाजारभावाच्या निम्म्या किमतीत.

चांदी विकणारा चांदीच्या भावाखाली कसा उतरेल, असं मी विचारलं. आत्या म्हणाली की तो उतरत नव्हताच, तिने चॅटवर घासाघीस करून उतरवला. शिवाय आत्या कशावर सहज विश्वास ठेवत नाही. नारळ कानाशी हलवून घेते, दूध बोटावरून ओघळवून बघते. विक्रेत्याला असंच गिऱ्हाईक हवं असावं. त्याने नाण्यांसोबत 'स्वतः खात्री करून घ्या' अशी चिठ्ठी आणि एक लोहचुंबक पाठवलं होतं. चांदीला लोहचुंबक चिकटत नाही. आत्याने एकेक नाणं तपासलं होतं. एकही चिकटलं नव्हतं.

मी एक नाणं एक्सआरएफ मशीनखाली ठेवलं. हे मशीन किरण सोडून धातूत काय काय आहे ते सांगतं. स्क्रीनवर चांदी आली, जवळजवळ शुद्ध. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा फर्स्ट इयरला जाऊन बसलो.

पण मशीन वरचाच थर वाचतं. मुलामा जाड असला तर तेही फसतं. म्हणून आम्ही नाणं कडेला जरा घासून पुन्हा तपासतो. मी कानस उचलली तर आत्याने माझा हात धरला. बुद्धाच्या नाण्याला ओरखडा चालणार नव्हता.

मग नाणं आधी हवेत तोललं, नंतर पाण्यात बुडवून. दोन वजनांतल्या फरकावरून धातू किती घन आहे ते कळतं. उत्तर चांदीच्या जवळपासही नव्हतं, लोखंडाच्या शेजारी होतं. आत्या म्हणाली, तुमच्या बोअरच्या पाण्याचा काय भरवसा.

एवढ्यात आमचे मालक नईमभाई आले. त्यांनी ड्रॉवरमधलं चुंबक जवळ नेलं. नाणं टक्कन जाऊन चिकटलं.

"हौ, पण हे चुंबक खराब आहे," आत्या म्हणाली. "माझं लावून बघा."

तिने पिशवीतून काढलेलं चुंबक मी तिच्याच हातात ठेवलं आणि लोखंडी कपाटाला लावायला सांगितलं. ते खाली पडलं. तिने पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"पंखा बंद करा," आत्या म्हणाली.

नईमभाईंनी पंखा बंद केला. चुंबक पडलं.

"आपा," ते अगदी अदबीने म्हणाले, "पंखे का क्या कसूर?"

ते लाल रंगाचं टोक दिलेलं साधं ॲल्युमिनियम होतं.

आत्या खुर्चीत बसली. विहीणबाईंना तिने नाण्यांचे फोटो आधीच पाठवले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "दे ना लिहून. कोण तपासायला जातंय?"

तिला नाही म्हणण्याची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. "आत्या, खाली सही माझी असते," एवढंच मी म्हणालो.

ती नाणी गोळा करून निघून गेली. संध्याकाळी तिने स्वतःच विहीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "चुंबकाचं टोक लाल होतं का हो?"

आम्हाला द्यायला त्यांनीही तीच नाणी घेऊन ठेवली होती.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मानाची म्हणून दोन्हीकडून पुस्तकं दिली गेली. सायबर पोलिसांत तक्रार केली, पण विक्रेत्याचा नंबर बंद होता आणि पैसे काही परत आले नाहीत. मशीन बरोबर वाचतंय ना हे बघायला आम्ही रोज सकाळी त्याखाली आधी खात्रीची शुद्ध चांदी ठेवतो, मगच गिऱ्हाइकाचा माल. चुंबकही आधी कपाटाला लावून बघावं.

विहीणबाईंनी त्यांची नाणी आत्याच्या हाती तपासायला पाठवली. रिपोर्टसोबत मी हे पत्र पाठवलं:

"आदरणीय आत्या, जयभीम.

विहीणबाईंची नाणी तपासली. लोखंड. चुंबक ॲल्युमिनियमचं. फी पाठवू नकोस. ज्या घरात मी इतकी वर्षं जेवलो, त्या घराच्या नावाने मला पावती फाडता येणार नाही.

कोणाची नाणी जास्त चांगली, हे तू खास विचारलंस म्हणून लिहितो. पाण्यातल्या वजनावरून बघता मुलामा तुझ्याच नाण्यांवर जास्त जाड आहे. विहीणबाईंना सांगणार असशील तर माझं नाव घेऊ नकोस.

तुझा,
प्रकाश"