एजंट, जावई आणि ओलं गोणपाट

मंगळवार. बरेच दिवस या ब्लॉगवर फिरकलो नाही, माफ करा.

निमगाव केतकीच्या सलीमभाईंच्या बियाणं-औषधांच्या दुकानासाठी मी गिऱ्हाइकांना आजवर दिलेल्या सल्ल्यांतून नव्या प्रश्नाला योग्य सल्ला शोधणारी संगणकावरची सोय करतोय. त्यासाठी लागणारी, वाक्यांचा अर्थ आकड्यांत मांडणारी एम्बेडिंग सेवा कोणत्या कंपनीची घ्यावी, हे आज दुकानात बसून एआय एजंटला विचारलं. त्यानं एक सुचवली. मी "नक्की?" म्हणताच माफी मागून दुसरी. पुन्हा "नक्की?" तर परत पहिली.

"ह्यो आमच्या जावयावानी हाय," सलीमभाई म्हणाले. "डोळं वटारलं की पार्टी बदलतो. ह्याच्यातनं चुकीचं औषध निघालं तर गिऱ्हाइकाचं पीक जळंल. आमी बियाणं इकायच्या आधी ओल्या गोणपाटात उगवून बघतो."

पटलं. एजंटला म्हटलं, दोन्ही सेवा गिऱ्हाइकांच्या प्रश्नांवर तपास.

"जरूर. प्रश्न द्या."

माझ्याकडे एकही नव्हता.

तुम्ही उगवून बघता, की नुसतं "नक्की?" विचारता?

उद्या: गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपणे.